'लेफ्ट' : एका इंग्रजी विशेषणाची कुळकथा

मी भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकची परीक्षा उतरून शाळामास्तर झालों, खालच्या वर्गांना इंग्रजी शिकविण्यांत उभी हयात गेली, आणि आतां साठी उलटल्यावर घरीं बसलों आहें. अशा माणसानें एका शब्दावर भाषण करावें हें धाडसच होय. परंतु एका विद्यार्थ्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर माझ्याकडून चुकीचें गेलें, त्यास आज पुष्कळ वर्षें झालीं. तें दुरुस्त करावें, एवढ्याच हेतूनें मी आपल्यापुढें आलों आहें.

तो प्रसंग असा. नोकरीचीं माझीं पहिलीं वर्षें होतीं. वर्गांत 'राइट' आणि 'लेफ्ट' हे दोन शब्द चालले होते. फळ्यावर मीं लिहिलें : 'राइट' म्हणजे उजवा, 'राइट' म्हणजेच बरोबर, योग्य, न्याय्य. 'लेफ्ट' म्हणजे डावा. मागच्या बांकावर एक डावखुरा मुलगा बसत असे. त्याच्या डाव्या हातांतील लेखणी काढून उजव्या हातांत देणें, आणि डावा हात पुन्हां पुढें आला कीं बोटांवर पट्टी मारणें, हें मी माझें नित्याचें कर्तव्य समजत असें. त्या दिवशीं तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, राइट म्हणजे उजवा आणि बरोबर. मग लेफ्ट म्हणजे डावा आणि चूक, असं आहे का?" सारा वर्ग हंसला. मीहि हंसलों आणि म्हणालों, "असंच आहे. म्हणून तर तुला हात बदलायला सांगतो." तो खालीं बसला. त्यानंतर त्यानें वर्गांत कधीं प्रश्न विचारल्याचें मला स्मरत नाहीं.

त्या माझ्या उत्तरांत खरें किती आणि खोटें किती, हें ठरवावयाचें तर या शब्दाचें कूळ शोधलें पाहिजे. निवृत्तीनंतर मिळालेल्या सवडींत मीं तें यथाशक्ति शोधलें. त्याचा सारांश आज सांगतों.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना वाटतें कीं, 'लेफ्ट' म्हणजे 'सोडलें' आणि 'लेफ्ट' म्हणजे 'डावा' हा एकच शब्द आहे. तसें नाहीं. 'सोडलें' या अर्थाचा शब्द 'लीव्ह' या क्रियापदाचें भूतकाळचें रूप होय. विशेषण 'लेफ्ट' हें निराळ्याच घराण्यांतलें आहे. एकाच नांवाचीं दोन माणसें एका आळींत राहावींत, तसा हा प्रकार आहे. आपला संबंध फक्त विशेषणाशीं आहे.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं शब्दाच्या अर्थाचे भेद सांगितले आहेत. शब्दाचा जो सरळ, रूढ अर्थ तो वाच्यार्थ. आणि तो जुळेनासा झाला म्हणजे त्याच्या आसऱ्यानें जो दुसरा अर्थ येतो तो लक्ष्यार्थ. 'लेफ्ट'चा वाच्यार्थ कोशकार असा देतात : पूर्वेकडे तोंड करून उभें राहिलें असतां शरीराची जी बाजू उत्तरेस येते ती डावी. ही व्याख्या श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिच्यांत बाजू सांगण्यापूर्वीं माणसानें तोंड कोणीकडे करावें हें सांगावें लागलें आहे. तें सांगितल्यावांचून डावें-उजवें ठरतच नाहीं. या शब्दाचा पुढला सारा इतिहास या एका अटींत सांठवलेला आहे.

आतां मुळाकडे वळूं. इंग्लंडवर नॉर्मन लोकांची स्वारी १०६६ सालीं झाली. तिच्या पूर्वींची जी जुनी इंग्रजी, तींत डाव्या हातास 'लेफ्ट' म्हणत नसत. त्यासाठीं 'विन्स्ट्रा' असा शब्द होता, आणि त्याचा मूळ अर्थ 'अधिक स्नेहाचा, मित्रासारखा' असा भाषाशास्त्रज्ञ लावतात. उजव्या हातास 'स्विद्रा' म्हणजे 'अधिक बलवान' म्हणत. 'लिफ्ट' हें विशेषणहि त्या भाषेंत होतें, पण त्याचा अर्थ 'दुबळा, निकामी' असा होता. पक्षाघातास त्या काळचे लोक 'लिफ्ट-आडल' म्हणजे 'दुबळेपणाचा रोग' म्हणत. आणि 'रिहट' म्हणजे 'सरळ, न्याय्य'. त्याचा हाताशीं मुळीं संबंध नव्हता.

पुढें बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास हे जुने दोन शब्द मागें पडले. 'बलवान' हाताच्या जागीं 'सरळ' हात आला आणि 'स्नेहाच्या' हाताच्या जागीं 'दुबळा' हात आला. म्हणजे 'लेफ्ट'चा 'डावा' हा जो अर्थ आज आपण वाच्यार्थ म्हणून मुलांना पाठ करावयास देतों, तोच एके काळीं लक्ष्यार्थ होता. दुबळेपणाचें विशेषण प्रथम. त्याचा हातावर आरोप मागाहून. तो आरोप कोणीं केला? ज्यांचा डावा हात खरोखरच कमजोर होता अशा बहुसंख्य लोकांनीं. माणसांमध्यें सुमारें दहांत एक डावखुरा असतो. त्या एकाचा डावा हातच बलवान; परंतु नांव ठेवण्याचा अधिकार नऊ जणांचा. आपल्या मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' यांत एका मात्रेचें व अनुस्वाराचें अंतर आहे. येथें तेवढेंहि उरलें नाहीं.

आपण विचाराल, मग त्याहि आधीं तोच हात 'स्नेहाचा' कसा ठरला होता? त्याचें उत्तर आपल्या घरांत सांपडेल. बांगडी फुटली म्हणजे आपल्या बायका 'बांगडी वाढवली' म्हणतात. रात्रीच्या वेळीं सापाचें नांव न घेतां 'लांबडें' किंवा 'जनावर' म्हणतात. ज्याची भीति वाटते त्यास गोड नांवानें हांक मारावी, ही मनुष्यमात्राची रीति आहे. ग्रीक लोकांनीं हेंच केलें. डाव्या बाजूस ते 'युऑनुमॉस' म्हणजे 'सुनामा, चांगल्या नांवाचा' म्हणत. दुसरा त्यांचा शब्द 'अरिस्तेरॉस', तो तर 'उत्तम' या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. तात्पर्य, डाव्या हाताचीं जुनीं गोड नांवें हीं प्रीतीचीं नव्हत, भीतीचीं होत. इंग्रजांची भीति गेली, गोड नांव गेलें आणि उघड निंदा उरली.

परंतु ही भीति तरी सर्व काळीं, सर्व देशीं एकसारखी होती काय? नव्हती. रोमन लोकांचें उदाहरण येथें पाहण्यासारखें आहे. रोममध्यें राजकार्यापूर्वीं शकुन पाहणारे सरकारी पुरोहित असत. पक्ष्यांचें उडणें आणि विजांचें चमकणें यांवरून ते देवांचा कौल सांगत. शकुन पाहतांना रोमन पुरोहित दक्षिणेकडे तोंड करी, त्यामुळें उगवती पूर्व दिशा त्याच्या डाव्या हातास येई. आणि उगवत्या बाजूचा शकुन तो शुभ. म्हणून जुन्या रोममध्यें डावी बाजू शुभ होती. ग्रीक लोक उत्तरेकडे तोंड करून उभे राहत. तीच पूर्व त्यांच्या उजव्या हातास येई, म्हणून त्यांची उजवी बाजू शुभ. सूर्य एकच, पूर्व एकच, शकुनहि तोच. फरक कायतो माणसाच्या तोंड फिरविण्याचा. सिसेरो हा रोमचा प्रख्यात वक्ता. त्यानें इ. स. पूर्वीं ४४ सालीं शकुनांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत, रोमन लोकांना डावें चांगलें वाटतें आणि ग्रीकांना व इतरांना उजवें, हा भेद नमूद केला आहे, आणि अशा शास्त्रावर विश्वास तो काय ठेवावा, अशा रोखानें त्याचा उपयोग केला आहे.

पुढें ग्रीक विद्येचा पगडा रोमवर बसला आणि ग्रीकांचें डावें तेंच रोमचेंहि अशुभ झालें. 'सिनिस्टर' हा लॅटिनमधला 'डावा' या अर्थाचा शब्द. तो पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजींत आला तो 'दुष्ट, कपटी, अनिष्टसूचक' हा अर्थ घेऊनच. आज इंग्रजी कादंबरींत 'सिनिस्टर' मनुष्य आला म्हणजे वाचक सावध होतो. तो मनुष्य कोणत्या हातानें जेवतो हें कोणी पाहत नाहीं. मूळ वाच्यार्थ एकाच ठिकाणीं जिवंत राहिला, तो सरदारांच्या ढालींवरील चिन्हांच्या शास्त्रांत. तेथें ढालीच्या डाव्या अंगास अजून 'सिनिस्टर' म्हणतात. पण ढाल धरणाऱ्याचें जें डावें तें पाहणाऱ्याचें उजवें असतें. पुन्हां तोच प्रश्न : कोण, कोठें उभा आहे?

इंग्रजी भाषेनें शब्द गोळा केले ते चहूंकडून, आणि प्रत्येक देशाचा उजव्या हाताविषयींचा पक्षपात त्या शब्दांबरोबर तिच्याकडे आला. लॅटिन 'डेक्स्टर' म्हणजे उजवा. त्यापासून 'डेक्स्टरस' म्हणजे कुशल. फ्रेंच 'द्रवा' म्हणजे उजवा, सरळ. त्यापासून 'अड्रॉइट' म्हणजे चतुर. फ्रेंच 'गोश' म्हणजे डावा; इंग्रजींत त्याचा अर्थ झाला गबाळा, चारचौघांत वावरतां न येणारा. तोंडावर स्तुति आणि आंत टोमणा असला म्हणजे ती 'डाव्या हाताची' स्तुति. राजकुळांतील पुरुषानें खालच्या दर्जाच्या स्त्रीशीं लग्न केलें आणि तिला व तिच्या मुलांना पदवीचा वारसा नाकारला, तर तें 'डाव्या हाताचें' लग्न. कारण जर्मन संस्थानांत अशा विवाहाच्या वेळीं वर वधूस आपला डावा हात देत असे. ज्यास दोन्ही हातांनीं सारखें काम करतां येतें त्यास इंग्रजींत 'अँबिडेक्स्ट्रस' म्हणतात. त्याचा अक्षरशः अर्थ 'ज्याचे दोन्ही हात उजवे आहेत असा'! डाव्या हातानें कितीहि कौशल्य मिळविलें, तरी तें त्याच्या नांवावर जमा होत नाहीं. त्याला मानद उजवा करून मग त्याचा गौरव करावयाचा. आपल्या महाभारतांतील अर्जुनाचें 'सव्यसाची' हें नांव याच्याशीं ताडून पाहावें. 'सव्य' म्हणजे संस्कृतांत डावा. डाव्या हातानेंहि बाण सोडणारा तो सव्यसाची. येथें डाव्या हाताचें श्रेय डाव्या हातासच मिळालें आहे.

परंतु एवढ्यावरून आपण आपली पाठ थोपटून घेऊं नये. आपल्याहि भाषा या बाबतींत निर्दोष नाहींत. संस्कृत 'दक्षिण' आणि लॅटिन 'डेक्स्टर' हे एकाच मूळ कुळांतले शब्द. 'दक्षिण' म्हणजे उजवा, 'दक्षिण' म्हणजे कुशल, आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या उजव्या हातास जी दिशा आली ती दक्षिण दिशा. मराठी 'उजवा' हा शब्द संस्कृत 'ऋजु', प्राकृत 'उज्जु' यांपासून आला असें व्युत्पत्तिकार सांगतात. आणि 'ऋजु' व इंग्रजी 'राइट' यांचें मूळ पुन्हां एकच, 'सरळ' या अर्थाचें. म्हणजे माझ्या फळ्यावर त्या दिवशीं मीं 'राइट म्हणजे उजवा' असें लिहिलें तेव्हां, न कळत मीं दोन दूरच्या भावांची भेट घालून दिली होती. मुलगी लग्न होऊन मार्गीं लागली कीं ती 'उजवली'; पुष्कळ दिवसांनीं मूल झालें कीं कूस 'उजवली'. ज्यास मान द्यावयाचा त्यास उजव्या हातास ठेवून फिरावयाचें ती प्रदक्षिणा. आणि ज्यास मान द्यावयाचा नाहीं त्यास डाव्या हातास टाकून पुढें जावयाचें तें 'डावलणें'. तेव्हां माझें तें उत्तर मला इंग्रजीनें शिकविलें असें म्हणून सुटतां यावयाचें नाहीं. तें माझ्या मायबोलींतहि तयार होतें.

आतां या शब्दाच्या सर्वांत नव्या आणि सर्वांत गाजलेल्या लक्ष्यार्थाकडे येऊं. वर्तमानपत्र उघडलें कीं 'डावे पक्ष' आणि 'उजवे पक्ष' हे शब्द दिसतात. हा अर्थ इंग्रजीचा मूळचा नव्हे. तो फ्रान्सांत, एका सभागृहांतील बैठकीच्या व्यवस्थेंतून जन्मला. १७८९ च्या मे महिन्यांत राजा सोळावा लुई यानें व्हर्साय येथें तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलाविली, आणि जूनमध्यें तिची राष्ट्रीय सभा झाली. ऑगस्ट-सप्टेंबरांत नव्या राज्यघटनेची चर्चा चालू असतां एक मोठा प्रश्न निघाला : सभेनें केलेला कायदा नामंजूर करण्याचा अधिकार राजास असावा कीं नसावा? राजाचा अधिकार शाबूत राहावा म्हणणारे लोक सभाध्यक्षाच्या उजव्या हातास बसूं लागले आणि तो कमी व्हावा म्हणणारे डाव्या हातास. उजवी बाजू ही पूर्वापार मानाची बाजू. राजाच्या पाठीराख्यांनीं ती घेतली यांत नवल नाहीं. राहिलेल्यांच्या वांट्यास डावी आली. मात्र या वेळीं एक नवी गोष्ट घडली. डाव्या बाजूस बसणाऱ्यांनीं तें नांव अंगास लावून घेतलें, आणि त्याची लाज धरली नाहीं. जो शब्द शतकानुशतकें शिवी होता तो या सभागृहांत ध्वज झाला.

पुढें फ्रान्सांत राज्यें आलीं आणि गेलीं, पण सभागृहांतील ही भाषा टिकली. इंग्रज वाचकांस ती टॉमस कार्लाइलनें १८३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासांतून ओळखीची झाली. मात्र इंग्लंडांतील राजकारणाच्या नेहमींच्या बोलण्यांत ती रुळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. त्यासहि कारण आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटांत सरकारपक्ष नेहमीं सभापतीच्या उजव्या हातास आणि विरोधी पक्ष डाव्या हातास बसतो. सरकार बदललें कीं बांकें बदलतात. १९२४ च्या जानेवारींत रॅम्से मॅकडोनल्ड यांचें पहिलें मजूर मंत्रिमंडळ आलें तेव्हां 'डावे' म्हणविणारे लोक अक्षरशः उजव्या बांकांवर जाऊन बसले! वाच्यार्थ एकीकडे, लक्ष्यार्थ दुसरीकडे. डेन्मार्क देशांत याहून मौज आहे. तेथें १८७० सालीं 'व्हेन्स्ट्रे' या नांवाचा पक्ष निघाला. 'व्हेन्स्ट्रे' म्हणजे 'डावा'. जुन्या इंग्रजींतील त्या 'स्नेहाच्या' शब्दाचाच हा सख्खा भाऊ. तो पक्ष त्या वेळीं सनातनी सत्ताधाऱ्यांच्या विरुद्ध होता. काळ पुढें गेला, आणखी पुढारलेले पक्ष निघाले, आणि आज तोच पक्ष तेथें मध्याच्या उजव्या अंगाचा गणला जातो. नांव मात्र अजून 'डावा'च आहे. पक्ष बराचसा जागच्या जागीं राहिला. सभागृहच त्याच्याभोंवतीं फिरलें.

आपल्याकडे हा अर्थ इंग्रजीच्या मार्गानें आला. १९३९ सालीं सुभाषचंद्र बोस यांनीं काँग्रेसमधील व बाहेरील पुरोगामी गटांना एकत्र आणण्यासाठीं जी समिति स्थापिली तिच्या इंग्रजी नांवांत 'लेफ्ट' हा शब्द होता. मराठीनें त्या शब्दाचें सरळ भाषांतर करून 'डावे' म्हटलें. आज महाराष्ट्रांत आपणांस डावा म्हणविण्यांत कित्येक लोक भूषण मानतात. पण त्यांच्याच घरांतलें लहान मूल डाव्या हातानें जेवूं लागलें तर आजीबाई त्याच्या हातावर चापट मारल्यावांचून राहत नाहींत. लक्ष्यार्थ सुटला; वाच्यार्थ अजून कैदेंतच आहे.

श्रोतेहो, येथवर शब्दाची कथा झाली. आतां ज्या हातावर तो शब्द लादला गेला त्याची थोडी हकीकत सांगतों. चेझारे लोंब्रोझो या इटालियन गुन्हेगारशास्त्रज्ञानें १९०३ सालीं एका अमेरिकन मासिकांत लेख लिहून, डावखुरेपणाचें प्रमाण गुन्हेगारांत अधिक असतें असें प्रतिपादन केलें. 'सिनिस्टर' या शब्दांत जो पूर्वग्रह होता त्यासच शास्त्राचा अंगरखा चढविला गेला. युरोपांतील शाळांतून डावखुऱ्या मुलांचे हात बांधणें, त्यांना छड्या मारणें, हे प्रकार सर्रास होत. राजवाडाहि त्यांतून सुटला नाहीं. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज जन्मतः डावखुरे. लहानपणीं त्यांना उजव्या हातानें लिहावयास भाग पाडण्यांत आलें. ते बोलतांना अडखळत, हें सर्वश्रुत आहे. त्या अडखळण्याचें कारण ही सक्तीच होती असें शास्त्र निश्चयानें म्हणत नाहीं, आणि मीहि म्हणत नाहीं. परंतु १९२६ सालीं विंबल्डन येथें ते टेनिस खेळावयास उतरले तेव्हां रॅकेट त्यांनीं डाव्या हातांतच धरली होती. शिक्षकांची सत्ता वहीपुरती होती. खेळाच्या मैदानावर त्यांचा मूळ हात परत आला.

शरीरशास्त्राचा निकालहि ऐकण्यासारखा आहे. १८६१ सालीं पॅरिसमध्यें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्यानें एका रोग्याचा मेंदू तपासला. तो रोगी मरण्यापूर्वीं कित्येक वर्षें 'टॅन' या एका शब्दाखेरीज बहुतेक कांहींच बोलूं शकत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या अर्धाच्या पुढच्या भागांत बिघाड आढळला. पुढें अशा अनेक रोग्यांवरून ठरलें कीं, बहुतेक माणसांत वाणीचें ठाणें मेंदूच्या डाव्या अर्धांत असतें. आणि मेंदूंतून निघणाऱ्या आज्ञावाहक तंतूंपैकीं बहुतेक वाटेंत बाजू बदलत असल्यामुळें उजव्या हाताची आज्ञाहि त्याच डाव्या अर्धांतून सुटते. म्हणजे ज्या वाणीनें डाव्या अंगास हजारों वर्षें दूषणें दिलीं ती वाणी, आणि ज्या हाताचें तिनें कौतुक केलें तो हात, हीं दोन्ही डाव्याच्या आश्रयास आहेत!

आपल्या देशांतील दोन डावे हात मला येथें आठवतात. पहिला पळवणकर बाळू यांचा. १८७६ सालीं धारवाड येथें चर्मकार कुळांत जन्मलेले हे गृहस्थ पुण्यांतील युरोपियन क्लबाच्या मैदानावर चाकरीस असतां गोलंदाजी शिकले. डाव्या हाताच्या मंद गोलंदाजीनें त्यांनीं नांव मिळविलें, आणि १९११ सालीं इंग्लंडांत गेलेल्या हिंदी संघाकडून ११४ बळी घेतले. क्रिकेटच्या परिभाषेंत 'लेफ्ट' हा शब्द शुद्ध वाच्यार्थानें येतो. चेंडू कोणत्या हातानें सुटला एवढेंच तो सांगतो. परंतु पुण्यास त्यांच्या बरोबरीच्या सवर्ण खेळाडूंनीं त्यांच्या हातचा चेंडू घेतला, आणि चहाच्या वेळीं त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यांत निराळा चहा दिला. हात डावा म्हणून नव्हे, जात खालची मानली म्हणून. पण मला या दोन गोष्टी एकाच पिंडाच्या वाटतात. माणसानें काय केलें हें न पाहतां तो कोणत्या बाजूस उभा केला आहे हें पाहावयाचें, आणि त्या बाजूस अगोदरच एक वाईट विशेषण लावून ठेवावयाचें.

दुसरा हात महात्मा गांधींचा. १९०९ च्या नोव्हेंबरांत ते लंडनहून दक्षिण आफ्रिकेस 'किल्डोनन कॅसल' या बोटीनें परत निघाले असतां 'हिंद स्वराज्य' हें पुस्तक त्यांनीं बोटीवरच गुजरातींत लिहून काढलें. हस्तलिखिताचीं पृष्ठें २७५. लिहितां लिहितां उजवा हात थकला, म्हणून त्यांपैकीं सुमारें ४० पृष्ठें त्यांनीं डाव्या हातानें लिहिलीं. तें पुस्तक छापून आज शंभराहून अधिक वर्षें लोक वाचीत आहेत. त्यांतला कोणता विचार उजव्या हाताचा आणि कोणता डाव्या हाताचा, हें छापील पानावरून ओळखून दाखविणारा वाचक अजून जन्मावयाचा आहे.

आतां माझ्या त्या विद्यार्थ्याविषयीं दोन शब्द सांगून रजा घेतों. शाळा सोडल्यावर तो गांवांतच पाट्या रंगवूं लागला. मी निवृत्त होण्यापूर्वीं शाळेची नवी पाटी करावयाची होती, तेव्हां तें काम त्याच्याकडे गेलें. शिडीवर चढून तो अक्षरें काढीत असतां मी खालीं उभा राहून पाहत होतों. कुंचला डाव्या हातांत होता. मोजणीची रेघ न मारतां एकेक अक्षर असें उठत होतें कीं जणूं आंत होतें तें त्यानें बाहेर काढलें. काम झाल्यावर पैशाच्या पावतीवर सही करावयाची होती. त्यानें कुंचला खालीं ठेवला, हात पुसला, आणि लेखणी उजव्या हातांत घेऊन मोठ्या कष्टानें आपलें नांव लिहिलें. तीं अक्षरें मी ओळखलीं. वांकडीं, दाबून काढलेलीं, मींच शिकविलेलीं.

मीं विचारलें, "अरे, सही डाव्या हातानं का नाही करत?"

तो ओशाळून म्हणाला, "लिहायचं उजव्या हातानं, असं आपणच शिकवलंत ना, गुरुजी. चित्राचं तुम्ही काही म्हणाला नव्हता."

त्यास तेथेंच उत्तर द्यावयास हवें होतें. पण शब्द सुचला नाहीं. तो आज सुचतो आहे, आणि तो ऐकत असेल तर त्याच्यासाठीं तो येथून सांगतों. बाळ, तुझा प्रश्न योग्य होता आणि माझें उत्तर चूक होतें. 'लेफ्ट' म्हणजे डावा, एवढेंच. त्यापुढचें जें जें त्या शब्दास चिकटलें आहे, तें उजव्या हाताच्या लोकांनीं आपल्या जागेवरून पाहून चिकटविलें आहे. रोममध्यें तोच शुभ होता, पॅरिसमध्यें तोच ध्वज झाला. यापुढें सही डाव्या हातानेंच करीत जा. आणि श्रोत्यांपैकीं कोणी शिक्षक असाल, कोणाच्या घरीं डावखुरें मूल असेल, तर त्याच्या हातांतली लेखणी काढून घेण्यापूर्वीं त्यानें काय लिहिलें आहे तें वाचून पाहा, एवढीच माझी विनंति आहे.